तीन सालांची शॅम्पेन

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातल्या एपर्नेहून मार्न नदीलगतच्या कालव्याकाठी सायकलने पूर्वेकडे निघालं की डाव्या हाताला द्राक्षमळे चढणीला लागतात. मध्येच कुठे माती खरवडलेली असली की खालचा पांढराशुभ्र खडू दिसतो. तासाभरात तूर-स्यूर-मार्न येतं. लहानसं, निवांत गाव. लोराँ-पेरिए हे शॅम्पेनचं घराणं इथलंच. आम्ही गावातून फेरी मारली, शेजारच्या बूझी गावाच्या बाजूचे मळे पाहिले आणि परतलो, कारण खरी ओढ संध्याकाळची होती. एपर्नेतल्या एका वाइन बारमध्ये याच घराण्याची मानाची शॅम्पेन ‘ग्राँ सिएक्ल’ पूर्ण बाटली न घेता ग्लासभर मिळणार होती, तिचं सव्विसावं मिश्रण, म्हणजे क्रमांक २६.

या प्रदेशाची हवा लहरी आणि थंड, दरवर्षी पीक सारखं येत नाही. म्हणून अनेक सालांच्या वाइन एकत्र करण्याची रीत इथे जुनीच आहे. पण मानाची बाटली म्हटली की बहुतेक घराणी एकच उत्तम साल निवडतात. लोराँ-पेरिएचे तेव्हाचे प्रमुख बर्नार द नोनांकूर यांनी इथे वेगळी वाट धरली: सर्वगुणसंपन्न साल निसर्ग देत नाही, तर ते तीन सालांतून घडवायचं. त्यांचं पहिलं मिश्रण १९५२, १९५३ आणि १९५५ चं होतं. आमच्यासमोरचं २०१२, २००८ आणि २००७ चं. द्राक्षं दोन जातींची: पांढरी शार्दोने निम्म्याहून जास्त, बाकी काळी पिनो न्वार. मला हे काम एकाच सालाच्या वाइनपेक्षा अवघड वाटतं, आणि मोठंही.

वाढणाऱ्या बाईंनी बाटली बर्फातून आधीच काढून ठेवली होती. १० ते १२ अंश तापमान हवं, त्याहून गार झाली तर वास मुका होतो, असं त्यांचं म्हणणं. ग्लासही उंच, अरुंद नव्हता. पोटाशी रुंद, तोंडाशी निमुळता, आणि जेमतेम तिसरा हिस्सा भरलेला. पहिल्या घोटात लिंबाची साल आणि ओल्या खडूचा वास. तेवढ्यावर मत बनवू नये. पंधराएक मिनिटांनी, ग्लास हातात थोडा कोमट होत गेला तसा भाजलेल्या बदामाचा, मधाचा, ताज्या ब्रेडचा वास वर आला. यीस्टच्या गाळावर वर्षानुवर्षं पडून राहिल्याची ही कमाई. बुडबुडे इतके बारीक की जिभेला टोचत नाहीत, आणि २००८ या थंड सालाचा ताठ आंबटपणा शेवटपर्यंत जाणवत राहतो.

सोबत आधी ऑयस्टर आले. चांगले होते, पण त्यांच्या खारटपणापुढे बदाम-मध हरवले. त्यांच्याबरोबर साधी, तरुण शॅम्पेनच बरी. मग लोण्यात परतलेले मश्रूम आले, आणि जुनं, मुरलेलं काँते चीज. तिथे जोडी जमली. चीजचा खमंगपणा आणि वाइनचा खमंगपणा एकमेकांत मिसळले, आणि आंबटपणाने तोंड पुन्हा स्वच्छ केलं. आपल्या झणझणीत रश्श्याबरोबर मात्र ही उघडू नये. तिखटापुढे तिचे बारकावे कळणारच नाहीत. केकबरोबर तर नकोच: गोडाशेजारी ही वाइन नुसती आंबट लागते.