कुणाचा टाका

पहाटे पावणेतीनला फोन वाजला तेव्हाच वाटलं, नवजात असणार. पलीकडे आमचा बालशस्त्रक्रियेच्या एमसीएचच्या तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट. "मॅडम, एक दिवसाचं बाळ, १.९ किलो. तोंडाला सारखा फेस येतोय. दहा नंबरची नळी घातली, दहा सेंटिमीटरवर अडतेय. एक्स-रेत नळी वरच वळलीय आणि पोटात हवा आहे."

एवढ्यात निदान झालंच होतं. अन्ननलिका मधेच तुटलेली, वरचं टोक बंद पिशवीसारखं, खालचं टोक श्वासनलिकेला चिकटलेलं. साधारण तीन-चार हजार जन्मांमागे असं एक बाळ येतं. पोटात हवा जाते ती त्या चुकीच्या जोडातून, आणि त्याच वाटेने जठरातलं आम्ल उलटं फुफ्फुसात चढतं. लाळ गिळायला वाट नाही, दूध तर दूरच.

आधीच्या हॉस्पिटलमधून बाळाबरोबर आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: दोनदा दूध पाजलं, दोनदा निळं पडलं. ते वाचून माझा संताप झाला. नळी घालून बघायला मिनिटभर लागतं. पहिल्यांदा निळं पडलं तेव्हाच ती घातली असती, तर दुसरं दूध फुफ्फुसात गेलं नसतं. आई सिझेरियन होऊन तिकडेच अडकलेली. बाळाबरोबर बाप आणि आजी. आजी एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराशी जमिनीवर बसून होती. मला बघताच म्हणाली, "बाई, मीच मधाचं बोट लावलं हो त्याला. तवापासनं निळं पडतंय."

मी तिच्याशेजारी खाली बसले. म्हटलं, "आजी, हा दोष आईच्या पोटात असतानाच, पहिल्या दोन महिन्यांत झालेला असतो. तुमच्या बोटाने काही झालेलं नाही." तिने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

ही शस्त्रक्रिया रात्रीत उरकायची नसते. वरच्या पिशवीतली लाळ सतत ओढून घ्यायची, डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, बाळ ऊबेत ठेवायचं, अँटिबायोटिक सुरू करायचं. हृदयाचा इको करायचा. मणके, मूत्रपिंडं, गुदद्वार बघायचं, कारण असे दोष बऱ्याचदा जोडीने येतात. या बाळाचं बाकी सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) घेतलं.

टेबलावर मी समोरच्या बाजूला, असिस्टंटच्या जागी उभी राहिले. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस तीन, एमसीएच तीन, अशी साडेअकरा वर्षं आपण ऑपरेटरच्या जागी पोहोचण्यासाठी घालवतो. शिक्षक झालो की ती जागा सोडायला शिकावं लागतं, आणि ते मला अजून जड जातं. मी रेसिडेंट असताना खुर्चीच्या दांड्याला दोरे बांधून गाठी मारायचे, चिकनवाल्याकडून आतडं आणून हॉस्टेलच्या टेबलावर जोडत बसायचे. पण पहिल्यांदा खऱ्या बाळाची अन्ननलिका जोडली ती समोर सर उभे होते म्हणून. तासभर ते फक्त "हळू" एवढंच म्हणत होते.

उजव्या बाजूने, चौथ्या फासळीखालून आत शिरलो. फुफ्फुसावरचा पडदा न फाडता ओल्या कापसाच्या बोळ्याने अलगद मागे सारत जायचं. रेसिडेंटने ते छान केलं. मधेच भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "सॅच्युरेशन पडतंय, हात काढा." दोघांनी हात काढले. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ७८ वरून ९५ वर येईपर्यंत ओटीत कुणी बोललं नाही. मग वाटेत येणारी अझायगस शीर बांधली, श्वासनलिकेचा जोड सोडवून तिथलं भोक शिवलं. आता दोन टोकं समोर होती: वरचं जाड, गुलाबी, मांसल, खालचं बॉलपेनच्या रिफिलपेक्षा जेमतेम जाड आणि पातळ. मधे दीड सेंटिमीटरचं अंतर.

मागच्या भिंतीचा तिसरा टाका त्याने ओढला आणि तो खालच्या टोकाला कापून बाहेर आला. त्याचा हात थांबला. मास्कवर फक्त डोळे दिसत होते, ते माझ्याकडे वळले.

"सुई इकडे दे," मी म्हटलं. वरची पिशवी आणखी थोडी सोडवून घेतली, भिंतीचा जरा जास्त घास घेऊन दोन टाके घातले, त्याला दोन्ही टोकं जवळ धरायला लावून गाठी बसवल्या. ओढ कमी झाली. मग नीडल होल्डर त्याच्या हातात परत दिला. समोरची भिंत त्याने शिवली.

पाचव्या दिवशी छातीत ठेवलेल्या नळीत, ड्रेनमध्ये, फेसाळ लाळ दिसली. जोड गळत होता.

तो दिवस मला विसरता येत नाही. बाळ तसं बरं होतं. पडदा न फाडता गेलो होतो म्हणून गळलेली लाळ छातीत न पसरता थेट ड्रेनमधून बाहेर येत होती. तोंडाने काही नाही, जोडातून जठरात उतरवलेल्या बारीक नळीने आईचं काढलेलं दूध चालू. थांबायचं, एवढंच हातात. पण मी रात्री छताकडे बघत टाके मोजत होते. त्याचा की माझा?

महिन्याच्या मॉर्बिडिटी मीटिंगसाठी, जिथे बिघडलेल्या केसेसची चर्चा होते, त्याने स्लाइड केली, त्यात ऑपरेटर म्हणून स्वतःचं नाव टाकलं होतं. मी ते खोडून माझं लिहिलं. तो म्हणाला, "मॅडम, टाका माझ्या हातून कापला गेला."

"टेबलावर मी होते. बाळ माझ्या नावावर दाखल आहे."

मग त्याला कॅमेरॉन हाइट यांच्याबद्दल सांगितलं. १९४१ साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला, त्यांनी बारा दिवसांच्या मुलीची अशी अन्ननलिका एकाच शस्त्रक्रियेत जोडली. तशी जोडणी यशस्वी होण्याची ती पहिलीच वेळ. त्या मुलीचाही जोड गळला होता आणि आपोआप भरून आला होता. त्याने ते डायरीत लिहून घेतलं, काही बोलला नाही.

पंधराव्या दिवशी डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, पाजून तपासलं. औषध सरळ खाली उतरलं, बाहेर थेंबही नाही. दुसऱ्या दिवशी आईने बाळाला मांडीवर घेतलं, वाटी-चमच्याने पाच मिलि दूध. बाळ एकदा घशातून कर्कश खोकलं तशी ती दचकली. तो खोकला या बाळांना बराच काळ राहतो, हे तिला आधी सांगितलं होतं, तरीही. आजी बाजूला उभी, हात पदरात गुंडाळलेले. तिने मला हळूच विचारलं, "आता मध?"

"वर्षभर नाही, आजी."

रेसिडेंट सक्शनची नळी हातात धरून बाळाच्या डोक्याशी उभा होता. पाच मिलि संपलं. नळी लागली नाही, तरी तो आणखी दहा मिनिटं तसाच उभा राहिला.