तेल, बटाटे आणि बडा खाना

४ डिसेंबर हा नौदल दिन. तो जवळ आला की मालवणच्या आसपासच्या गावांतले निवृत्त नौसैनिक सोयीचा रविवार धरून एखाद्या शाळेच्या सभागृहात जमतात. बाबा नौदलात स्टोअरला होते, त्यामुळे मी फ्रॉकात होते तेव्हापासून या मेळाव्याला जाते आहे. झेंडावंदन, गेलेल्यांना श्रद्धांजली, पाहुण्यांचं भाषण, वहिनींसाठी हळदीकुंकू. इथवर तो कुठल्याही मंडळासारखाच. खरी मजा मांडवामागे, चुलाण्यापाशी.

तिथे सगळी पुरवठ्याची माणसं. स्टोअरवाले, कुक, स्टुअर्ड, टँकरवर, म्हणजे तेलाच्या जहाजांवर, वर्षं काढलेले खलाशी. जेवण, म्हणजे फौजी भाषेत 'बडा खाना', कायम त्यांच्याकडे. वडे कमी पडलेत किंवा सागोती वाया गेली आहे, असं मी तरी पाहिलेलं नाही. एक काका होते, त्यांना पेन्शनीतही सगळे 'चीफ'च म्हणायचे. ते फाटकापाशी उभे राहून येणाऱ्यांचा नुसत्या नजरेने अंदाज घ्यायचे आणि आत निरोप धाडायचे, "अजून दोन किलो पीठ मळा."

स्टेजवर दरवर्षी १९७१ चा कराचीवरचा हल्ला यायचाच. निपात, निर्घात आणि वीर ही त्या हल्ल्यातल्या क्षेपणास्त्र नौकांची नावं आम्हा पोरांना पाढ्यांसारखी पाठ. पण वक्ता खाली उतरला की मागून कुणीतरी हमखास विचारायचं, "आणि पोषक?" पोषक म्हणजे त्या ताफ्याबरोबरचा टँकर. क्षेपणास्त्र नौका मुळात किनाऱ्याच्या बचावासाठी बांधलेल्या, त्यांची टाकी ती केवढी! तेल देणारं कुणी जवळ असल्याशिवाय इतक्या लांब जाणार कशा? टाळ्या मात्र क्षेपणास्त्रांना. पुरवठावाल्यांना त्याचं दुःख नव्हतं असं नाही, पण ते फोडणीबरोबर परतून टाकायचे.

आम्हा मुलांचं आकर्षण म्हणजे 'रास', चालत्या बोटीवरून बोटीला माल आणि तेल देण्याची कसरत. व्हरांड्याचा खांब म्हणजे टँकर आणि समोर बाकावर उभे काका म्हणजे फ्रिगेट, तेल घेणारी युद्धनौका. आधी बारीक दोरी, म्हणजे हीव्हिंग लाइन, फेकायची, तिला बांधून जाड दोर ओढून घ्यायचा, मग त्यावरून पिशवी सरकवायची. पिशवीत बिस्किटांचे पुडे. गंमत अशी की दोघं काका मध्येच बाक पुढे-मागे सरकवत, कारण समुद्रात दोन्ही बोटी शेजारी-शेजारी धावत असतात, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त होत राहतं आणि दोर धरणाऱ्यांना तेवढ्यापुरता तो सोडावा नाहीतर ओढावा लागतो. "ढिलो सोड, नायतर बिस्किटां समुद्रात जातली!" अशी आरोळी उठायची आणि बहुतेक वेळा ती जायचीच. बाबा सांगत, खरोखरीच्या रासला दोन बोटींच्या मधलं पाणी असं खवळतं की शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही. टँकरने आपला वेग आणि दिशा जराही सोडायची नाही. सांभाळून घ्यायचं ते बाजूला आलेल्या बोटीने.

२००६ नंतरच्या मेळाव्यांत बैरूतची भर पडली. त्या जुलैत मुंबई, बेतवा, ब्रह्मपुत्रा आणि शक्ती या बोटींनी युद्ध पेटलेल्या लेबनॉनमधून दोन हजारांवर माणसं सायप्रसला आणली. शक्ती हा टँकर १९७६ चा, जर्मनीत बांधलेला. पुढच्याच वर्षी निवृत्त झाला. आमच्यातल्या एकाने त्याच्यावर उमेदीची वर्षं काढली होती. बातमी वाचून तो म्हणाला होता, "म्हातारीनं जाता जाता नाव काढलं." गेल्या काही वर्षांत तो येत नाही. त्याची खुर्ची मुद्दाम रिकामी वगैरे कुणी ठेवत नाही. गर्दीच तेवढी असते.

२०२३ ला तर नौदल दिनाचा मुख्य सोहळाच सिंधुदुर्गात झाला. तारकर्लीच्या किनाऱ्यावर माणूस मावेना. सगळ्यांच्या माना विमानांकडे, आणि आमची मंडळी वाळूत बसून एवढ्यांच्या चहापाण्याची व्यवस्था कुणी केली असेल याचा हिशेब करत होती.

अलीकडच्या मेळाव्यात नवा विषय निघाला. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डकडे पाच नव्या पुरवठा जहाजांचं काम आहे, प्रत्येकी सुमारे ४४,००० टनांची. तरुणांनी फोनवर चित्रं दाखवली. बाबांनी चष्मा वर करून ती नीट पाहिली, हेलिकॉप्टरचा डेक पाहिला, आणि विचारलं, "आणि कांदे-बटाटे ठेवणार कुठे?" त्यावर चुलाण्यापाशी जो वाद पेटला तो पंगत बसेपर्यंत मिटला नव्हता.