डिस्ने वर्ल्डला पहिल्यांदा जाताना जेवायला कुठे बसावे?

उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की आमच्या नागपुरात धरमपेठेतल्या आणि लक्ष्मीनगरातल्या ओळखीच्या घरांतून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते, आईवडील त्यांच्याकडे निघालेले असतात, नातवंडांसह फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डला जायचे ठरलेले असते, आणि व्हिसा, तिकिटे, विमा असे सगळे मार्गी लागल्यावर फोन येतो: "तिथे आम्ही जेवायचे कुठे?" माझ्या मुलीच्या कुटुंबाबरोबर आम्ही सासूबाईंनाही घेऊन तिथे जाऊन आलो आहोत, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ही की, नावाजलेल्या उपाहारगृहांची यादी घेऊन बसू नका. तुमच्यातील सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान माणूस त्या दिवशी दुपारी कुठे असणार आहे ते आधी ठरवा आणि त्या जागेच्या जवळपास थंडाव्यात, पाठ टेकून बसता येईल असे ठिकाण शोधा. पदार्थांचा विचार त्यानंतर येतो. डिस्ने वर्ल्ड म्हणजे एकच बाग असेल असे आपल्याला इथे बसून वाटते, पण १९७१ साली सुरू झालेला हा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीच्या निम्म्याच्या जवळपास. त्यात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम अशी चार वेगवेगळी उद्याने आहेत. एका उद्यानात असताना कोणी सांगितले म्हणून दुसऱ्या उद्यानात जेवायला जायचे ठरवले, तर बस किंवा मोनोरेलची वाट पाहण्यात आणि चालण्यात सहज तासभर जातो, शिवाय दोन्ही उद्यानांत प्रवेश देणारे तिकीट हवे असते. एकट्या एपकॉटमध्ये तळ्याभोवती मांडलेल्या अकरा देशांच्या दालनांची फेरी सुमारे दोन किलोमीटरची आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला "ते काय, समोर दिसते आहे जपान" असे म्हणून तिकडे नेऊ नये, कारण मध्ये तळे असते.

वेळेचे महत्त्व आपल्याला निराळे सांगायला नको. मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळात आपण कोणी आपण होऊन घराबाहेर पडत नाही. फ्लोरिडात पारा आपल्याइतका चढत नाही, पण हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि माणूस लवकर गळून जातो. त्यातच जून ते सप्टेंबर या महिन्यांत दुपारनंतर विजांसह पावसाची सर येणे तिथे नेहमीचे आहे, आणि वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात. गर्दी जेवायला बारा ते दीडच्या दरम्यान लोटते. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक तर सकाळी अकराच्या सुमारास जेवून घ्यावे, नाही तर सकाळी भरपेट न्याहारी करून जेवण दोननंतर, नेमके पावसाच्या वेळेला ठेवावे. नुकतेच भारतातून गेलेल्यांना अकराचे जेवण सोपे जाते, कारण घड्याळातील साडेनऊ तासांच्या फरकामुळे त्यांना पहाटेच जाग आलेली असते.

दिवसातून एकच जेवण टेबलावर बसून, वाढप्याने आणून दिलेले असावे आणि बाकीचे काउंटरवरून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. टेबलावरच्या जेवणात सव्वा ते दीड तास जातो, आणि ते दोनदा केले तर मुलांचा दिवस जेवणातच संपतो. एकदाही केले नाही, तर वडीलधाऱ्यांना दिवसभर कठड्यावर नाही तर उघड्या बाकावर बसून खावे लागते. या जेवणासाठी जागा राखून ठेवणे भाग आहे. आरक्षण ६० दिवस आधी, तिथल्या पहाटे सहाच्या सुमारास ऑनलाइन खुले होते. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, त्यामुळे हे काम नागपुरात बसूनही करता येते. लोकप्रिय जागा त्याच दिवशी भरतात. क्रेडिट कार्डाची माहिती द्यावी लागते. न जाता जागा अडवून ठेवली तर बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर कापतात, मात्र दोन तास आधीपर्यंत रद्द करता येते. काउंटरवरच्या जेवणासाठी रांगेत उभे राहू नका. डिस्नेच्या मोबाइल अ‍ॅपवरून पदार्थ आणि वेळ निवडून पैसे भरले की तयार ताट खिडकीवर मिळते, तोवर बाकीच्यांना सावलीतली जागा धरता येते. याच काउंटरवर बर्फ घातलेले पिण्याचे पाणी मागितल्यास फुकट देतात.

आता शाकाहाराविषयी, कारण फोनवरचा अर्धा वेळ याच चिंतेत जातो. २०१९ पासून डिस्नेने आपल्या मेनूवर हिरव्या पानाचे चिन्ह वापरायला सुरुवात केली. ज्या पदार्थापुढे हे पान असते, त्यात मांस, अंडी, दूध किंवा मध यांपैकी काहीही नसते. तिथे नुसते "व्हेजिटेरियन" म्हटले तर त्यात अंडे चालते असे गृहीत धरले जाते, म्हणून अंडे न खाणाऱ्यांनी हे पान पाहूनच मागवावे. टेबलावर बसल्यावर वाढप्याला स्पष्ट सांगितले तर स्वयंपाकघराशी बोलून काय चालेल ते सांगतात, आणि यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. अ‍ॅनिमल किंगडममधील 'सातूली कँटीन' या काउंटरवर भात किंवा भाज्यांवर तोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, घालून वाटी बनवून घेता येते, आणि वरण-भातावर वाढलेल्या माणसाला ती पोटभर वाटते. मॅजिक किंगडममधील 'अलोहा आयल' या खिडकीवरचे 'डोल व्हिप' नावाचे अननसाचे मऊ आइस्क्रीम दुधाविना केलेले असते. तिथल्या उकाड्यात ते आवर्जून खावे.

मात्र मला एकच जागा सुचवायला सांगितली, तर मी 'साना' सांगेन. ते अ‍ॅनिमल किंगडम उद्यानाच्या आत नसून 'अ‍ॅनिमल किंगडम लॉज' या हॉटेलात आहे, त्यामुळे तिथे जायला उद्यानाचे तिकीट लागत नाही. तिथली पाककृती आफ्रिकन आणि भारतीय अशी मिश्र आहे. नान, कुलचा, पनीर पराठा यांसारख्या पोळ्या निवडायच्या आणि त्यांच्याबरोबर चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, काकडीची कोशिंबीर, लसणाचे लोणचे अशा वाट्या येतात. सावजीच्या झणझणीत रश्श्याची जीभ असलेल्या माणसालाही तिथे बऱ्याच तासांनंतर काहीतरी तिखट मिळते. मोठ्या काचांपलीकडे मोकळे कुरण असून त्यात जिराफ आणि झेब्रे चरत असतात. सासूबाई तिथे जेवणाइतक्याच त्या जिराफांत रमल्या होत्या. जनावरे उजेडातच नीट दिसतात, म्हणून उशिरा दुपारची वेळ घ्यावी. ज्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम पाहायचे, त्याच दिवशी हे ठेवले म्हणजे उद्यानातून बसने थोड्या वेळात पोहोचता येते.

मिकी, विनी द पू वगैरे पात्रे टेबलाशी येऊन भेटतात अशा जेवणांचे मुलांना फार आकर्षण असते, आणि घरात आठ-नऊ वर्षांच्या आतले मूल असेल तर असे एक जेवण जरूर करावे. सिंड्रेलाच्या किल्ल्यातील जेवण सर्वांत प्रसिद्ध आणि तितकेच महाग आहे. पहिल्या भेटीला मी त्याऐवजी मॅजिक किंगडममधील 'क्रिस्टल पॅलेस' सुचवते, कारण तिथे बुफे आहे, पदार्थ डोळ्यांनी पाहून घेता येतात, आणि खाण्यात चोखंदळ असलेली मुले तसेच आजी-आजोबा या दोघांचीही अडचण होत नाही. तीन वर्षांखालील मुलाचे पैसे लागत नाहीत, तीन ते नऊ वयाला मुलांचा दर असतो. बिलावर कर आणि टीप वेगळी पडते, आणि सहा किंवा अधिक माणसे असतील तर १८ टक्के टीप बिलातच धरलेली असते. ती तपासल्याशिवाय पुन्हा टीप देऊ नका.

शेवटी घरच्या डब्याविषयी. तो नेता येतो आणि अवश्य न्यावा. दशम्या, मेथीचे पराठे, चिवडा, लाडू यांना कोणी अडवत नाही. डबा काचेचा नसावा आणि पदार्थ गरम करावा लागेल असा नसावा, एवढेच पाहावे. मधुमेह असलेल्या माणसाच्या पर्समध्ये आणि मुलांच्या पिशवीत असे काहीतरी वेगळे ठेवलेले असावे, कारण रांग लांबली किंवा पाऊस आला तर ठरवलेली जेवणाची वेळ पुढे सरकतेच. चतुर्थी किंवा एकादशी आली, तर राजगिऱ्याचे लाडू आणि दाण्याची चिक्की सोबत असू द्यावी. कापलेली फळे तिथे मिळतात.