पिल्लं बाहेर नेली, पण आत कोण घालणार?

"कोंबडीची पिल्लं सहा आठवड्यांची झाली की बाहेरच्या खुराड्यात हलवा. अंधार पडला की ती आपली आपण आत जातात." हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलं होतं की त्यावर शंका घ्यायचं मनातही आलं नाही. ते ज्याने पहिल्यांदा लिहिलं, त्याला एकदा दिवेलागणीला माझ्या खुराड्यापाशी उभं करायचंय.

ब्रूडरमधले, म्हणजे दिव्याची ऊब असलेल्या खोक्यातले, दिवस छान गेले, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडेच बघावं. दिव्याखाली दाटी करून चिवचिवाट चालला असेल तर थंडी वाजतेय. कडेला पसरून चोची उघड्या टाकल्या असतील तर उकडतंय. पाचव्या आठवड्यापासून दिवसा दिवा बंद ठेवला, रात्री मात्र चालूच. इथेच माझं चुकलं होतं, पण ते कळायला चार संध्याकाळी वाया गेल्या.

सहाव्या आठवड्यात लव जाऊन पिसं भरली, पाठीवर आणि मानेखाली उघडी कातडी दिसेना, आणि बाराच्या बारा जणांना एका दुपारी बाहेर नेलं. दुपारी नेऊ नका, सकाळी न्या. नवी जागा पाहायला त्यांना अख्खा दिवस मिळतो. आणि मी घाई करून जाळीचं अंगणही लगेच मोकळं करून दिलं, तसं तर मुळीच करू नका. आधी चार-पाच दिवस, जमलं तर आठवडाभर, खुराड्यातच कोंडून ठेवा. झोपायची जागा ही, हे त्यांना तेव्हाच कळतं.

पहिल्या संध्याकाळी मी ऐटीत दाराशी जाऊन उभी राहिले. अंधारून आलं, पण आत कोणी जाईना. सगळी जाळीच्या एका कोपऱ्यात गेली आणि एकावर एक चढून बसली. वरची खाली घुसायला बघत होती, खालून दबलेला चीं-चीं आवाज येत होता. अशा ढिगात सगळ्यात खालचं पिल्लू गुदमरून मरतं, हे मला माहीत होतं. म्हणून दातात टॉर्च धरून गुडघ्यांवर बसले आणि एकेक उचलून आत ठेवायला लागले. तिसरं ठेवेपर्यंत पहिलं बाहेर. शेवटी एका हाताने दार लोटून धरलं आणि दुसऱ्याने आत घातली. मोजली तर अकरा. बारावं माझ्याच मागे, काढून ठेवलेल्या चपलेवर बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी दाणे टाकून आत बोलावली. आली, खाल्लं, परत कोपऱ्यात गेली. तिसऱ्या दिवशी खराटा घेऊन हाकलायला गेले, तर सगळी खुराड्याच्या खाली शिरली. खुराडं पायांवर उभं केलेलं, खाली वीतभर जागा, आणि मी पोटावर पालथी. कोंबडं झाकल्याची म्हण ऐकत लहानाची मोठी झाले; झाकायचं कसं ते मात्र म्हणीत कुठेच नाही.

चौथ्या रात्री दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून टॉर्च जमिनीवर ठेवला. दोन मिनिटांत तो अख्खा ढीग सरकत सरकत टॉर्चपाशी आला. तेव्हा कुठे लक्षात आलं की त्यांचा तो लाडका कोपरा म्हणजे घराच्या खिडकीतला उजेड पडतो ती जागा! या पिल्लांनी जन्मात अंधार पाहिलाच नव्हता. सहा आठवडे रात्रभर दिवा. त्यांच्या लेखी ऊब आणि झोप उजेडापाशीच असते, आणि मी त्यांना काळ्याकुट्ट पेटीत शिरायला सांगत होते.

पाचव्या दिवशी खिडकीचा पडदा ओढला आणि खुराड्यात, पिल्लांची झेप पोचणार नाही अशा उंचीवर, एक छोटा मंद दिवा लावला. दोन पिल्लं दाराशी लावलेल्या फळीवर चढली आणि घसरून खाली आली. फळी गुळगुळीत आणि चढणही उभी. तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या, उतार कमी केला. सहाव्या संध्याकाळी बाराही जण ओळीने आत गेली. मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. दिवा फट्‌कन बंद केला मात्र, तर आत धडधडाट! तेव्हापासून थोडा उजेड असतानाच मालवते, मग हळूहळू अंधारतं. आठवड्याभरात दिव्याची गरजच उरली नाही.

तुमची पिल्लं अजून ब्रूडरमध्ये असतील आणि उबेची गरज संपत आली असेल, तर शेवटचे काही दिवस रात्री दिवा बंद करून त्यांना अंधाराची सवय लावा. एवढं केलं असतं तर माझे गुडघे वाचले असते. खुराड्याच्या आतल्या कोपऱ्यांत पुठ्ठा गोल वाकवून बसवा. कोपराच नसला की ढीग होत नाही.

आणि हो, जाळी. षटकोनी भोकांची नेहमीची जाळी कोंबड्या आत ठेवते, उंदीर बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची, जाड तारेची घ्या. वारा यायला फटी वर ठेवा, कोंबड्या रात्री ज्यावर बसून झोपतात त्या दांड्याच्या उंचीवर नकोत. खाली पसरलेला भुसा ओला झाला की लगेच बदला; ओलाव्यातच रक्ती हगवण फोफावते, आणि ती नेमकी याच वयात गाठते. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य इतक्यात देऊ नका. त्यातलं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

दांड्यावर बसायची जबरदस्ती मी केली नाही, फूटभर उंचीवर एक लावून ठेवला. अकरा जण आपापली चढली. ते चपलेवालं मात्र अजून अंडी घालण्यासाठी ठेवलेल्या खोक्यात झोपतं आणि रात्रभर तिथेच घाण करतं. रोज रात्री उचलून त्याला दांड्यावर ठेवते, आणि ते रोज माझ्या बोटाला चोच मारतं.