वैदूंना सूट आहे, पण हक्क ग्रामसभेनेच मिळवायचा आहे

रानातल्या वनस्पती आणि त्यांच्याविषयीचं ज्ञान व्यापारासाठी वापरणाऱ्याने आधी कळवावं आणि लाभातला वाटा द्यावा, असं जैवविविधता कायदा सांगतो; काहींना त्यातून सूट आहे. या कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2024पासून ती लागू झाली. तेव्हापासून 'वैदूंना (जडीबुटीने उपचार करणाऱ्या पारंपरिक वैद्यांना) मोकळीक मिळाली' असं बरेच जण सांगत असतात. पण गावातल्या वैद्य-हकिमांना 2002च्या मूळ कायद्यातही सूट होतीच. नव्याने सुटले ते आयुषचे (आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी अशा पद्धतींचे) नोंदणीकृत डॉक्टर, लागवडीच्या औषधी वनस्पती आणि ठरावीक ग्रंथांत लिहिलेलं ज्ञान.

खरी मेख या तिसऱ्या सवलतीत आहे. माडिया, कोलाम, कोरकू या आदिवासी समाजांतल्या वैदूंचं ज्ञान तोंडी चालत आलेलं. पण गुळवेल, हिरडा, अर्जुनाची साल ग्रंथांतही सापडतात. कंपनीने ग्रंथावर बोट ठेवलं, की जंगल राखणाऱ्या गावाला लाभातला वाटा नाकारायला तिला निमित्त मिळतं.

शिवाय ही सूट म्हणजे वैद्यकीचा परवाना नाही. नोंदणीशिवाय वैद्यकी करता येत नाही, हे केरळच्या पारंपरिक वैद्यांच्या खटल्यात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. हाड बसवणं, कावीळ, सुईणपण अशा कामांसाठी भारतीय गुणवत्ता परिषदेचं ऐच्छिक प्रमाणपत्र मिळतं. ते जरूर घ्यावं, पण ती कौशल्याची पावती आहे. त्यावर 'डॉक्टर' पाटी लावता येत नाही.

गावाच्या हातात खरं बळ येतं ते वनहक्क कायद्याने. जैवविविधतेवर आणि तिच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर 2006च्या या कायद्याने समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. सामूहिक दाव्याच्या अर्जात त्याचा रकाना असतो आणि अनेक गावं तेंदू-बांबूचं लिहून तो कोरा सोडतात. तो भरा. वैदू कोणत्या डोंगरावरून, कोणत्या हंगामात, काय आणतात ते लिहा आणि ग्रामसभेचा ठराव जोडा.

लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राणी आणि त्यांच्याविषयीचं ज्ञान टिपायच्या वहीत, मात्र हात राखून लिहावं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020ची मुदत घातल्यावर अनेक वह्या घाईत भरल्या गेल्या. आपल्या गावची वही एकदा मोठ्याने वाचून घ्या. वनस्पतीचं स्थानिक नाव, ठिकाण, वापरायचा भाग आणि ज्ञान कोणत्या समाजाचं, एवढं पुरे. मात्रा, मिश्रणाचं प्रमाण, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचं) लिहू नका, म्हणजे औषधाची कृती कुणी परस्पर उचलणार नाही. काढणीचे नियमही ग्रामसभेने ठरवावेत. उदाहरणार्थ, अर्जुनाची साल एकाच बाजूने, पट्टीसारखी काढायची. खोडाभोवती पूर्ण वेढा सोलला, तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड वाळतं.

एका बाबतीत मात्र तडजोड नको: सर्पदंश. महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. मण्यार चावली तर सूज जवळजवळ नसते, कधी पोट दुखतं, मग पापण्या मिटू लागतात. सूज नाही म्हणजे विष नाही, असं समजून रात्र जाते आणि श्वास थांबतो. बिनविषारी सापाचा किंवा विष अंगात न गेलेला दंश आपोआप बरा होतो, त्याचं श्रेय मंत्राला मिळतं, आणि पुढच्या वेळी तोच विश्वास जीव घेतो. गावाचा विश्वास वैदूवर असतो, म्हणून 'गाडी बोलवा' हे वैदूनेच सांगायला हवं. त्यांनी रुग्णाबरोबर जावं. आणि आरोग्य केंद्रानेही त्यांना दाराबाहेर उभं करू नये.