तुम्ही विचारलंत म्हणून: कोणता पिकअप टाकू?

"गिटारचा टोन सुधारायचाय, कोणता पिकअप (इलेक्ट्रिक गिटारच्या स्ट्रिंगखालचा, कंपनाचा सिग्नल करणारा मॅग्नेट आणि तारेची कॉइल) टाकू?" हे मला सारखं विचारलं जातं, आणि सोबत बहुतेक वेळा दोन पिकअपचे किलोओहमचे आकडे असतात, जास्त आकड्याचा घेऊ ना, असं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

तो आकडा कॉइलच्या तारेचा रेझिस्टन्स आहे, टोन नाही. वेढे वाढवले की आउटपुट वाढतो पण इंडक्टन्सही वाढतो, मग रेझोनन्सचा पीक (पिकअप ज्या पट्टीतला आवाज सगळ्यात ठळक देतो ती जागा) खाली सरकतो, म्हणजे वरची चकाकी जाते आणि मिड्स (मधल्या पट्टीचा आवाज) जाड होतात. आणि नुसती तार बारीक घेतली तरी वेढे तेवढेच राहून आकडा फुगतो. डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन (१९७२ चा, पिकअप बदलायची पद्धतच त्याच्यापासून रुळली) साधारण १३-१४ के (किलोओहम) आणि सिमोर डंकनचा जेबी १६ के च्या वर, पण म्हणून जेबी जास्त जोरात वाजतो असं अजिबात नाही. पहिल्यात सिरॅमिक मॅग्नेट, दुसऱ्यात अल्निको ५.

मी पहिला पिकअप आकडा बघूनच घेतला होता. हॉट (जास्त आउटपुटचा) सिरॅमिक हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, आणि तो टाकला नेकला (ब्रिजपासून लांबच्या जागी). घरी एकट्याने वाजवताना मस्त भरदार वाटायचा, पण बँडबरोबर प्रॅक्टिसला गेलो तर बेस आणि किकच्या आवाजात माझी गिटार विरघळून गेली, कॉर्डमधले सूर वेगळे ऐकूच येईनात. नेकजवळ स्ट्रिंगचं कंपन मुळातच मोठं असतं, तिथे कमी वेढ्यांचा पिकअप पुरतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

म्हणून खरेदीआधी स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पिकअपची उंची जुळवा. शेवटच्या फ्रेटवर स्ट्रिंग दाबून पिकअपपर्यंतचं अंतर मोजा, स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलला जाड स्ट्रिंगकडे २.४ मिमी आणि बारीककडे २ मिमी इथून सुरुवात करा. फार जवळ असेल तर मॅग्नेट स्ट्रिंगला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर जाड ई बेसूर, डगमगती वाजते, लोक याला इंटोनेशनचा (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागण्याचा) दोष समजून ब्रिजशी झटत बसतात. मग पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा बदलता रेझिस्टन्स) बघा. हंबकरला सहसा ५०० के, सिंगल कॉइलला २५० के. २५० वर हंबकर बोजड वाटतो आणि शिव्या बिचाऱ्या पिकअपला.

गुणगुण (हम) हीच तक्रार असेल तर स्ट्रॅटचा स्विच दुसऱ्या-चौथ्या पोझिशनला नेऊन बघा. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर तिथे हम जातो आणि बाकी तीनमध्ये राहतो, तो वायरिंगचा दोष नाही, सिंगल कॉइलचा स्वभाव आहे. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी दोन कॉइल जोडून हंबकर केला तो याच हमसाठी, १९५५ ला पेटंटचा अर्ज केला. तेव्हा हम नको पण आवाज सिंगल कॉइलचाच हवा असेल तर नॉइजलेस (हम दाबणारा, पण सिंगल कॉइलसारखा वाजणारा) पिकअप बघा, हंबकर नको.

हे सगळं करूनही मन भरलं नाही तर खुशाल बदला, पण मला विचारताना आकडा पाठवू नका, अँप कोणता, कोणासोबत वाजवता आणि नेमकं काय खटकतंय ते लिहा. माझ्या नेकला आता आठ के च्या आतला अल्निको २ आहे, अटॅक मऊ, पण कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो.