दांडी नंबर चार: सोनं उमटलं, तेही चुकून

आमच्या घरच्या संखेड्याच्या (गुजरातमधल्या संखेडा गावच्या लाखकामाच्या) जुन्या लाकडी पाळण्याच्या दोन मोडक्या दांड्यांच्या जागी नव्या दांड्या दिवाळीच्या आत बसवतो, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. दिवाळी गेली, संक्रांतही गेली. तीन दांड्या भंगारात. पण काल रात्री चौथी लेथवरून उतरवली आणि घरच्यांना उठवून दाखवली. कुणी खूश झालं नाही.

अडलं होतं एकाच जागी. सागवान कातून झालं, डाळिंबी अस्तर चढलं, सरसात कालवलेल्या कथलाची वेल रेखली, अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटली, वर लाख दिली, तरी वेल चांदीचीच. शेजारच्या जुन्या दांडीवर तीच वेल पिवळीधमक. आधी कथलावर संशय घेतला. मग सरसावर, सरस जास्त झाला की कितीही घोटा, कथील मंदच राहतं. प्रमाण बदलून दुसरी दांडी केली. तिसरीला खंभातचा नवा अकीक आणला. चांदी आणखीच लखलखली!

मग घोळ झाला. जुन्या दांडीच्या खालच्या टोकाला, खाचेत दडणाऱ्या भागावर, मळ काढायला स्पिरिटचा बोळा फिरवला. (स्पिरिटमध्ये लाख विरघळते, हे तुम्हाला मीच तीनदा बजावलंय. हसा.) बोळा चहासारखा तपकिरी, आणि नखाएवढ्या जागेतलं सोनं जाऊन खाली चांदी. 1926 साली आजोबांचं बारसं ज्या पाळण्यात झालं, त्याला मी भोक पाडल्यासारखं वाटलं. मग ट्यूब पेटली.

सोनं लाखेत असतं, म्हणजे लाखेच्या पिवळ्या रंगातून कथील सोनेरी दिसतं, हे आपल्याला पाठ आहे. पण मी वापरत होतो मेण काढलेला, फिका, महागडा चपडा, म्हणजे पापुद्र्यांची शुद्ध केलेली लाख. ‘एक नंबर माल, काचेसारखा,’ असं विकणारा म्हणाला होता. काचेतून चांदी चांदीच दिसणार ना! डब्यात मधाच्या रंगाची बटण लाख (बटणासारख्या गोल चकत्यांची) पडून होती, निम्म्याहून कमी भावाची. तिची कांडी वळून फिरत्या दांडीवर टेकवली. वेग कमीच ठेवला. जास्त झाला की लाख जळून फोड येतात. घर्षणाने लाख पसरली, तेलाचं बोट लावलं आणि केवड्याची पात दाबून धरली. वेलीचं एकेक पान पिवळं होत गेलं. लाखेच्या दुसऱ्या हाताला सोनं.

केवड्याऐवजी सुती चिंधी चालते म्हणणाऱ्यांनी माझी दुसरी दांडी येऊन बघावी.

सगळा पाळणा खरवडून नव्याने लाख चढवायचा बेत होता, तो रद्द. जुन्या लाखेची ती काळपट झाक आता मला हवीच आहे. उलट नवी दांडीच फार कोवळी दिसतेय. लिहिता लिहिता सुचलं: बटण लाखेत थोडी दाणेदार कच्ची लाख मिसळली तर? तिला तांबूस झाक असते. पाचवीवर करून बघतो. चौथीला कुणी हात लावायचा नाही. आणि ती नखाएवढी चांदी तशीच राहू दे, पाळणा जोडला की खाचेत जाईल.